अख्खं रणांगण कोरलं, पण सेनापतीचा चेहराच कोरायचा राहिला! रोमच्या दगडी शवपेट्यांची गोष्ट

साल १९३१. रोम शहराच्या पूर्वेला पोर्तोनाच्चो नावाचा भाग आहे. तिथे जमिनीखालून संगमरवराची एक भलीमोठी पेटी बाहेर आली. पेटीच्या दर्शनी बाजूवर बोटभर जागासुद्धा रिकामी नव्हती. उधळलेले घोडे, ढाली, भाले, वेदनेनं उघडलेली तोंडं, घोड्यांच्या टापांखाली आलेली माणसं. युद्धाचा सगळा कल्लोळ दगडात कोरलेला.

या कल्लोळाच्या बरोबर मधोमध घोड्यावर बसलेला रोमन सेनापती आहे. घोडा पुढे झेपावलाय, सेनापती शत्रूच्या अंगावर धावून जातोय. सगळी नजर त्याच्याकडेच जावी अशी मांडणी आहे. नजर तिथे जाते आणि अडकते, कारण या सेनापतीला चेहराच नाही.

तो काळाच्या ओघात झिजलेला नाही. कुणी हातोडा घालून फोडलेलाही नाही. डोक्याचा आकार काढलाय, पण नाक, डोळे, ओठ कोरायचं काम झालेलंच नाही. त्याच्या घोड्याचे दात मोजता येतील इतकं बारीक काम आहे, ज्याला तो चिरडतोय त्या शत्रूच्या कपाळावरच्या आठ्या दिसतात. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खर्च झाला, तोच गायब.

ही पेटी आज 'पोर्तोनाच्चो सार्कोफॅगस' या नावानं ओळखली जाते. रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनाजवळ पलाझ्झो मास्सिमो नावाचं संग्रहालय आहे, तिथे ती ठेवलेली आहे. साधारण इ.स. १८० च्या सुमाराची. म्हणजे वय अठराशे वर्षांपेक्षा जास्त.

आता प्रश्न असा की मेलेल्या माणसाला ठेवायच्या पेटीवर इतकी मारामारी कशाला? आणि ती खरोखर झालेल्या लढाईची आहे का?

आधी सार्कोफॅगस म्हणजे काय ते बघू.

सोप्या भाषेत, दगडी शवपेटी. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ऐकून जरा दचकायला होतं. सार्कोफॅगस म्हणजे 'मांस खाणारा'. प्लिनी नावाचा रोमन लेखक पहिल्या शतकात लिहून गेलाय की, आजच्या तुर्कस्तानातल्या अस्सोस गावाजवळ असा एक दगड मिळतो, ज्यात मृतदेह ठेवला की चाळीस दिवसांत दात सोडून सगळं नाहीसं होतं. पुढे तो दगड असो वा नसो, नाव मात्र प्रत्येक दगडी शवपेटीला चिकटलं.

रोमन लोक आधी बहुतेक वेळा मृतदेह जाळायचे आणि राख कलशात ठेवायचे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हळूहळू पद्धत बदलली आणि श्रीमंत घरांत देह जसाच्या तसा पेटीत ठेवायची चाल आली. हे का झालं यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. धर्म बदलला म्हणावं तर तसा काही मोठा बदल त्या वेळी झालेला नव्हता. एक कारण अगदी माणसाच्या स्वभावातलं असावं. राखेचा कलश लहान असतो. पण दोन-अडीच मीटर लांबीची संगमरवरी पेटी म्हणजे चित्रं काढायला भरपूर जागा! आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला दाखवायला जागा लागतेच.

ही जागा असायची शहराबाहेर. रोमन कायद्यानं शहराच्या हद्दीत अंत्यविधीला बंदी होती, त्यामुळे रोममधून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कबरी होत्या. प्रवासी रोमच्या दिशेनं चालू लागला की शहर दिसायच्या आधी त्याला मेलेले रोमन भेटायचे. पोर्तोनाच्चोची पेटी सापडली ती जागासुद्धा तिबुर्तिना या अशाच जुन्या रस्त्याजवळची. अर्थात पेटी थेट रस्त्यावर मांडलेली नसायची, ती कबरीच्या खोलीत भिंतीला लावून असायची. म्हणून रोममध्ये बनलेल्या बहुतेक पेट्यांना तीनच बाजूंनी कोरीवकाम असतं. मागची बाजू कोरी. कोण बघणार होतं?

दगड यायचा लांबून. रोममध्ये वापरलेला बराचसा संगमरवर मार्मारा समुद्रातल्या प्रोकॉनेसस बेटावरून यायचा. हे बेट आज तुर्कस्तानात आहे. वजन कमी व्हावं म्हणून पेटी खाणीवरच आतून पोखरून घ्यायची, बाहेरून ढोबळ आकार द्यायचा आणि जहाजात चढवायची. हे आपल्याला इतकं नक्की कसं कळलं? कारण काही जहाजं पोचलीच नाहीत. इटलीच्या दक्षिण टोकाला सान पिएत्रो इन बेवान्या इथे समुद्राच्या तळाशी वीसहून जास्त अर्धवट घडवलेल्या शवपेट्या पडलेल्या सापडल्यात. कुणाच्या तरी मरणाची तयारी वाटेतच बुडाली.

म्हणजे गिऱ्हाईक मरायच्या आधीच पेटी निम्मी तयार असायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पोर्तोनाच्चोच्या पेटीवर नेमकं आहे काय ते बघू, आणि बघताना वरून खाली या.

सगळ्यात वर रोमन सैन्याची निशाणं दिसतात. त्यात एक गरुड आहे आणि एक रानडुक्कर. ही नुसती शोभा नाही. लीजन म्हणजे रोमन सैन्याची साधारण पाच हजारांची तुकडी, आणि प्रत्येक लीजनची स्वतःची निशाणी असायची. अभ्यासकांच्या मते गरुड चौथ्या फ्लाव्हिया लीजनचा आणि रानडुक्कर पहिल्या इटालिका लीजनचं. दोन्ही लीजन डॅन्यूब नदीच्या काठावर तैनात होत्या. पहिलीचा तळ आज बेलग्रेड आहे त्या जागी, दुसरीचा आजच्या बल्गेरियात.

त्याच्या खाली रोमन घोडेस्वार, मग पायदळ, आणि सगळ्यात तळाशी शत्रू. दाढीवाले, विस्कटलेल्या केसांचे. रोमन लोक अशा सगळ्या परक्यांना एकाच शब्दात 'बार्बेरियन' म्हणायचे. कुणी घोड्यासकट कोसळलाय, कुणी मेलाय, कुणी मरायच्या बेतात आहे. वर जिंकणारे आणि खाली हरणारे, अशी सरळसरळ उतरंड. दगडाच्या पट्टीत कोण कुठल्या मजल्यावर आहे यावरूनच निकाल कळतो.

दोन्ही टोकांना विजयस्तंभ आहेत. लढाई जिंकली की शत्रूची चिलखतं आणि शस्त्रं एका खांबावर टांगून ठेवायची रोमन रीत होती. प्रत्येक स्तंभाखाली एक पुरुष आणि एक बाई, कैद झालेलं जोडपं. मधे लढाई अजून जोरात चालू आहे, पण कडेला तिचा निकाल लागून माणसं गुलामसुद्धा झालीत! एकाच चित्रात आज आणि उद्या. रोमन शिल्पकाराला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण त्याला बातमी द्यायची नव्हती, निकाल सांगायचा होता.

बाजूच्या छोट्या पट्ट्यांवर ही पुढची गोष्ट सरकते. एकीकडे होड्या जोडून केलेल्या पुलावरून सैनिक कैद्यांना नेताना दिसतात. दुसरीकडे शत्रूचे म्होरके रोमन अधिकाऱ्यांपुढे शरण येतात. झाकणावर तर सेनापतीचं अख्खं चरित्र आहे. बाळपण, शिक्षण, लग्नात बायकोच्या हातात दिलेला हात, आणि शरण आलेल्यांना दिलेलं अभय.

आणि गंमत बघा, झाकणावरसुद्धा या नवरा-बायकोचे चेहरे कोरायचे राहिलेत.

मग हा होता तरी कोण?

पेटीवर नाव नाही. पण गरुड आणि रानडुक्कर या दोन निशाण्यांवरून एक नाव पुढे आलं, आउलुस यूलिउस पोम्पिलिउस. हा सम्राट मार्कस ऑरेलियसचा अधिकारी. एका शिलालेखावरून कळतं की या दोन्ही लीजनशी त्याचा संबंध होता आणि मार्कोमान्नी लोकांविरुद्धच्या युद्धात त्याच्याकडे कामगिरी होती. काळ जुळतो, लीजन जुळतात. त्यामुळे बरेच अभ्यासक त्याचंच नाव घेतात. पण हा अंदाज आहे, तोही चांगला अंदाज. पुरावा म्हणाल तर चेहरा हाच पुरावा ठरला असता, आणि तोच नाही.

हे मार्कोमान्नी युद्ध काय होतं हे दोन ओळीत सांगायला हवं. इ.स. १६६ च्या आसपास डॅन्यूब नदीपलीकडच्या मार्कोमान्नी, क्वादी वगैरे टोळ्यांनी साम्राज्याची सीमा ओलांडली. एकदा तर त्या थेट इटलीत उतरल्या आणि अक्विलेया शहराला वेढा घातला. त्याच सुमाराला साम्राज्यात मोठी साथ पसरलेली. तत्त्वज्ञ म्हणून आज ज्याच्या वाक्यांचे रील फिरतात तो मार्कस ऑरेलियस आपल्या कारकिर्दीतली बरीच वर्षं याच सीमेवर तंबूत काढत होता. 'मेडिटेशन्स' या त्याच्या टिपणांचा काही भाग तिथेच लिहिलेला आहे. इ.स. १८० मध्ये तो मेला तेव्हाही युद्ध पुरतं संपलं नव्हतं.

म्हणजे पेटीवर दिसतो तसा एका धडाक्यात विजय वगैरे काही नव्हता. ती वर्षानुवर्षं चाललेली, दोन्ही बाजूंच्या नाकीनऊ आणणारी लढाई होती. याच युद्धाची दृश्यं रोममधल्या मार्कस ऑरेलियसच्या स्तंभावर आहेत आणि ती बघवत नाहीत. तिथे गावं जळतात, बायकांना ओढून नेलं जातं, कैद्यांची मुंडकी उडवली जातात. सरकारी स्मारकावर हे सगळं अभिमानानं कोरलेलं आहे, हे विसरू नका.

आता चेहऱ्याकडे परत येऊ.

पेटी निम्मी तयार मिळायची हे मघाशी आपण पाहिलं. त्यामुळे सगळ्यात सोपं स्पष्टीकरण असं की, कारखान्यानं लढाई कोरून ठेवली आणि चेहऱ्याची जागा सोडली. गिऱ्हाईक ठरलं की त्याचं तोंड कोरायचं. रोमन शवपेट्यांमध्ये अशा कोऱ्या चेहऱ्यांची बरीच उदाहरणं आहेत, त्यामुळे हा काही एकट्या पोम्पिलिउसचा घोळ नाही. पण मग प्रश्न पडतो, पेटी तर वापरली गेली, तरी चेहरा का नाही? माणूस अचानक गेला आणि वेळ मिळाला नाही? मूर्तिकारापुढे ठेवायला त्याचं चित्र किंवा मुखवटा नव्हता? घरच्यांनी पुढचे पैसे दिले नाहीत? का एकाच पेटीत नवरा-बायको दोघांना ठेवायचं म्हणून दुसऱ्याच्या मरणाची वाट बघायचं ठरलं आणि मग ते राहूनच गेलं? काही अभ्यासक तर म्हणतात की चेहरा मुद्दाम सोडला असेल, जिवंतपणी आपलं तोंड शवपेटीवर बघायला कुणाला आवडतं!

मला यातलं 'राहून गेलं' हे उत्तर सगळ्यात पटतं. घरात माणूस गेल्यावर किती कामं अशीच राहून जातात हे आपल्याला माहीत असतं. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. चेहरा जर शेवटी बसवायचा असेल, तर बाकीची लढाई कुणाचीही असू शकते.

तशी ती होतीच. याचा नमुना म्हणून रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातली आमेंडोला शवपेटी बघा. ही पोर्तोनाच्चोच्याही थोडी आधीची. तिच्यावर रोमन सैन्य गॉल लोकांशी लढतंय. गॉल म्हणजे मुख्यतः आजच्या फ्रान्सच्या भूमीत राहणाऱ्या टोळ्या. त्या पेटीवर ते नागडे लढताना दाखवलेत, गळ्यात त्यांचे ते पिळाचे कडे. आता दुसऱ्या शतकाच्या मध्यात गॉल लोक रोमचे शत्रू राहिलेच नव्हते. फ्रान्स दोनशे वर्षांपूर्वी जिंकून झाला होता, तिथली माणसं रोमन नागरिक होत होती, टोगा घालून फिरत होती. मग हे नागडे योद्धे आले कुठून?

ते आले जुन्या ग्रीक शिल्पांतून. आजच्या तुर्कस्तानात पर्गामम नावाचं राज्य होतं. तिथल्या राजांनी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात गॉल टोळ्यांना हरवलं आणि त्या विजयाची शिल्पं उभारली. 'मरणारा गॉल' हा प्रसिद्ध पुतळा त्याच परंपरेतला मानतात. चारशे वर्षांनंतर रोमच्या कारखान्यात तोच कोसळणारा देह, तीच मागे वळलेली मान पुन्हा कोरली जात होती. कुणी रणांगणावर बसून स्केच काढलेलं नव्हतं. ठरावीक पोझ होत्या आणि त्या जुळवून लढाई तयार व्हायची. आजच्या भाषेत टेम्प्लेट म्हणा.

युद्धदृश्यं असलेल्या अशा रोमन शवपेट्या आज सुमारे पंचवीस माहीत आहेत आणि एक अपवाद सोडला तर सगळ्या साधारण इ.स. १७० ते २१० या काळातल्या आहेत. म्हणजे सीमेवर खरोखर रक्त सांडत होतं तेव्हाच हा माल खपत होता. मागणी खरी, लढाई ठरावीक.

पण मग या ठरावीक कामात इतका जीव कुठून आला? मला या पेट्यांमधली सगळ्यात विचित्र गोष्ट हीच वाटते.

तंत्र आधी समजून घेऊ. शिल्पकाराकडे छिन्नी होती आणि दोरीनं फिरवायचं गिरमिट होतं. गिरमिटानं ओळीनं भोकं पाडायची, मग मधला दगड फोडून खोल चर करायचा. केस, दाढी, घोड्याची आयाळ, कपड्याच्या चुण्या, सगळीकडे असे खोल चर. खोल चरात सावली साचते. कबरीच्या खोलीत दिव्याचा मिणमिणता उजेड पडला की काळं-पांढरं हलायला लागतं आणि दगड हलल्यासारखा वाटतो. त्यात रोमन शिल्पं रंगवलेली असायची. आज आपल्याला पांढराशुभ्र दिसणारा हा संगमरवर त्या काळी रंगीत होता.

आता चेहरे बघा. रोमन सैनिकांचे चेहरे बरेचसे एकसारखे आणि शांत आहेत. ते काम करतायत, मारायचं काम. शत्रूचे चेहरे मात्र प्रत्येकाचे वेगळे. भुवया आक्रसलेल्या, तोंड उघडं, डोळे वर फिरलेले. दुःख कोरायला शिल्पकाराला चेहऱ्याची प्रत्येक रेष हलवावी लागते, विजय कोरायला लागत नाही. त्यामुळे झालं असं की ज्यांना माणूस म्हणून कमी दाखवायचं होतं, तेच या दगडात सगळ्यात जास्त माणूस दिसतात. विजयस्तंभाखालच्या बाईकडे बघितलं की आपण लढाई विसरतो.

शिल्पकाराला शत्रूबद्दल कळवळा होता असं यावरून म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. रोमन डोळ्याला त्या वेदनेत विजयाचं मोजमाप दिसत असणार. शत्रू जितका दांडगा आणि त्याची अवस्था जितकी भीषण, तितका जिंकणारा मोठा. रोमन लोक रिंगणात माणसं मरताना बघायला गर्दी करायचे, हे आठवलं की कळवळ्याची गोष्ट जरा सांभाळून करावी लागते. आपल्याला जे करुण वाटतं ते त्यांना कदाचित शानदार वाटत असेल. दगड तोच, बघणारा बदलला.

आता तो एक अपवाद. आणि हाच या प्रकारातला सगळ्यात गाजलेला नमुना आहे.

१६२१ साली, पुन्हा त्याच तिबुर्तिना रस्त्याच्या बाजूला, शहराच्या वेशीजवळच्या एका कबरीत एक प्रचंड शवपेटी सापडली. त्याच वर्षी लुदोव्हिसी घराण्यातला माणूस पोप झाला होता आणि त्याचा पुतण्या, कार्डिनल लुदोव्हिको लुदोव्हिसी, प्राचीन शिल्पं जमवायच्या मागे लागला होता. पेटी त्याच्या संग्रहात गेली आणि तिला त्याच घराण्याचं नाव मिळालं. १९०१ मध्ये इटलीच्या सरकारनं या संग्रहातली शिल्पं विकत घेतली. आज ही पेटी रोममध्येच, पलाझ्झो आल्टेम्प्स इथे आहे.

काळ साधारण इ.स. २५० ते २६०. लांबी पावणेतीन मीटरच्या आसपास, उंची दीड मीटर. पोर्तोनाच्चोवर निदान मजले ओळखता येतात, इथे तेही अवघड. देहांवर देह रचलेत. पार्श्वभूमी नावाचा प्रकारच नाही. आकाश नाही, जमीन नाही, झाड नाही. दगडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त माणसं आणि घोडी एकमेकांत अडकलेली. काही हातपाय तर मागच्या दगडापासून जवळजवळ सुटे कोरलेत. एका ठिकाणी हात बांधलेल्या शत्रूची हनुवटी एका रोमन सैनिकानं हातात धरलीय. मारायचं की सोडायचं? त्या दोघांपुरती लढाई थांबलीय.

आणि वर मधोमध पुन्हा घोड्यावरचा सेनापती. या वेळी त्याला चेहरा आहे. तरुण, शांत. डोक्यावर शिरस्त्राण नाही, हातात शस्त्र नाही. उजवा हात लांबवर पसरलेला, जणू सभेत बोलायला उभा राहिलाय. आजूबाजूला कत्तल चालू असताना हा तिथे असूनही नसल्यासारखा. शत्रूला हरवायला मला तलवार लागत नाही, असं काहीतरी त्याला सुचवायचंय.

त्याच्या कपाळावर फुलीसारखी एक खूण आहे. या खुणेवरून बराच वाद झालाय. काही जण म्हणतात की तो मिथ्रास देवाच्या गुप्त पंथात दीक्षा घेतल्याचा शिक्का असावा. अशीच खूण असलेल्या दुसऱ्या चेहऱ्यांशी ताडून काहींनी त्याला सम्राट डेसियसचा धाकटा मुलगा होस्टिलियन ठरवलं. इतरांनी दुसरी नावं सुचवली. निकाल लागलेला नाही.

पण समजा तो होस्टिलियन असेल, तर त्याच्या घरची हकिगत या पेटीशेजारी ठेवून बघा. इ.स. २५१ मध्ये गॉथ टोळ्यांशी आजच्या बल्गेरियात, अब्रिट्टस इथे लढाई झाली. रोमन सैन्य दलदलीत अडकलं. सम्राट डेसियस मारला गेला आणि त्याचा मोठा मुलगाही. परक्या शत्रूशी लढताना रणांगणावर मेलेला हा पहिला रोमन सम्राट. मागे राहिला होस्टिलियन, आणि तो त्याच वर्षी रोममध्ये गेला. परंपरेनं सांगतात की साथीच्या रोगानं.

आणि तो होस्टिलियन नसेल, तरी चित्र फारसं बदलत नाही. इ.स. २३५ ते २८४ या पन्नासेक वर्षांत रोमच्या गादीवर वीसहून जास्त सम्राट येऊन गेले आणि त्यातले बहुतेक अंथरुणावर मेले नाहीत. साम्राज्य उत्तरेला मार खात होतं, पूर्वेला मार खात होतं, आत साथ पसरलेली होती. नेमक्या याच दशकात कुणीतरी कारागिराला सांगितलं की, असा विजय कोर की शत्रूला श्वास घ्यायलाही जागा उरता कामा नये.

याच दशकातलं दुसऱ्या बाजूचं शिल्पही आपल्याकडे आहे, हे फार थोड्या वेळा होतं. इ.स. २६० मध्ये रोमन सम्राट व्हॅलेरियन इराणच्या ससानी राजा पहिल्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. शापूरनं हा पराक्रम इराणमधल्या नक्श-ए-रुस्तम इथल्या कड्यावर कोरून घेतला. तिथे घोड्यावर बसलाय तो शापूर. त्याच्यापुढे एका रोमन सम्राटानं गुडघा टेकलाय आणि दुसऱ्याचं मनगट शापूरनं हातात धरलंय. मनगट धरलेला तो व्हॅलेरियन, असं बहुतेक अभ्यासक मानतात. घोड्यावर जिंकणारा, खाली हरणारा. मांडणी सेम टू सेम, फक्त माणसांची अदलाबदल.

आता लुदोव्हिसी पेटीचं झाकण कुठे आहे? ते रोममध्ये नाही. ते जर्मनीतल्या माइन्झ शहरात पोचलं. माइन्झ म्हणजे ऱ्हाइन नदीकाठी रोमन सैन्याचा मोठा तळ होता तेच गाव, ज्यांच्याविरुद्ध रोमनं पिढ्यान्‌पिढ्या सीमा राखली त्यांच्या उंबरठ्यावरचं. त्या झाकणाच्या एका बाजूला पडद्यापुढे बसवलेली एका रोमन बाईची अर्धप्रतिमा आहे. दुसऱ्या बाजूला शरण आलेले बार्बेरियन आहेत. ते हात जोडत नाहीत, शस्त्रंही टाकत नाहीत. ते आपली लहान मुलं रोमन अधिकाऱ्याच्या हवाली करतायत.